निखाऱ्यावरची काळी बिस्किटं

मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला की मी अजून खुर्चीतनं अर्धी उठते. सूनबाईला वाटतं गुडघे आखडलेत म्हणून मी अशी मधेच उठबस करते. ती बिचारी तेलाची बाटली आणून ठेवते, आणि मीही मुकाट्यानं गुडघ्याला तेल लावते. परवा नाताळच्या सुट्टीत नातीनं घरात चॉकलेटची बिस्किटं करायचं काढलं. आता ओव्हनला काच असते, आत दिवा असतो, वेळ लावून दिली की घंटी वाजते. ही बया आपली मोबाईल घेऊन खुर्चीत बसलेली. मी म्हटलं, अगं वासाकडं लक्ष दे, वासाकडं. तर म्हणते, आजी, वास कशाला, घंटी वाजेल की. तेवढ्यात खाली सोसायटीत पाण्याचा टँकर आला, त्यानं हॉर्न दिला आणि मी उठले. तो वास आणि तो हॉर्न दोन्ही एकदम माझ्या आयुष्यात ह्याआधी एकदाच आले होते. म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर ह्यातलं अवाक्षर कुणाला सांगायचं माझ्या मनात नव्हतं.

आमचं गाव भूमच्या अलीकडं, रस्त्यापासनं जरा आत. बौद्धवाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. ऊन चढायला लागलं की पत्रा टकटक वाजायचा आणि उतरायला लागलं की पुन्हा वाजायचा; त्या घरात घड्याळाची गरज नव्हती. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. वाड्यात पगाराचा माणूस तो एकच, त्यामुळं कुणाचं काही अडलं की आमच्या पडवीत येऊन बसणार. जयंतीला आप्पांचं भाषण ठरलेलं. मुलींना शिकवा, मुलगी शिकली की दोन घरं शिकतात, असं ते हात उंच करून सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत. दहावी मी पहिल्या झटक्यात पास झाले आणि त्यानंतर घरात चुलीपुढं बसले. आता ह्यावर हसायचं की रडायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तसं पाहिलं तर कुणी मला कोंडलेलं नव्हतं. दाराला कडी नव्हती, कुणी हात उगारला नव्हता. झालं असं की आई झऱ्यावर पडली. पाऊस सलग दगा देत होता, विहिरी आटल्या, तेव्हा बायका नदीच्या पात्रात वाळू उकरून खड्डे करायच्या आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. त्याला झरा म्हणायचे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन वर चढताना काठाची वाळू ढासळली आणि आई पाठीवर आपटली. बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फळीवर झोपवा, उठू देऊ नका. उठायचं कधी ते त्यांनी नीट सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तेव्हापासनं आतल्या खोलीत फळीवर आई आणि बाहेर मी. माझ्या कॉलेजचा विषय निघाला की आप्पा आतल्या खोलीकडं बघायचे आणि म्हणायचे, "ही उठू दे, मग बघू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते म्हणायच्या आधी माझ्या कानात वाजायचं.

माझा भाऊ सिद्धार्थ माझ्याहून वर्षानं मोठा. तो भूमला खोली करून बारावीला होता. एकदा इंग्रजीनं दगा दिला म्हणून पुन्हा बसला होता. त्याचा डबा रोज सकाळच्या एस.टी.नं जायचा. आमच्याकडं ही पद्धतच. भूमला शिकणाऱ्या पोरांचे डबे गावोगावच्या थांब्यावर कंडक्टरच्या हाती द्यायचे, भूमच्या स्टँडवर पोरं येऊन आपापले घेऊन जायची, आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामे परत. झाकणावर तांबड्या रंगानं नावं घातलेली. एखाद्या दिवशी एखाद्याचा डबा दुसऱ्याकडं गेला तर कुणाच्या घरी काय शिजतं ते साऱ्या तालुक्याला कळायचं. मी दिवस उजाडायच्या आत भाकरी थापायची, पिठलं नाहीतर हुलग्याची उसळ करायची, डबा फडक्यात बांधायची आणि थांब्यावर उभी राहायची. कंडक्टर शेखमामा दारातनं हात काढायचे, डबा घ्यायचे, गाडी जायची. माझ्या हातची भाकरी रोज भूमला कॉलेजात जात होती आणि मी धूळ झटकत घरी येत होते. लई राग यायचा. राग कुणावर काढायचा ते मात्र कळायचं नाही, कारण आत आई कण्हत असायची.

आणि पाणी. तुम्हाला सांगते, त्या वर्षांत आमचा देव, धर्म, घड्याळ, सणवार सगळं म्हणजे तो टँकर. साखर कारखान्याचा टँकर होता, आधी त्यातनं मळी वाहायचे. कितीही धुतला तरी पाण्याला मळीचा आंबूस-गोड वास. आई फळीवरनं म्हणायची, कारखान्यानं साखर काय दिली न्हाय, वास तेवढा दिला. गावच्या दूध सोसायटीत दूधच येईना तेव्हा तिला कुलूप लागलं आणि तिचे मोठाले कॅन लोकांनी पाण्याला काढले. टँकर आधी वेशीत थांबायचा, मग आमच्या वाड्याच्या तोंडाशी. कुठल्या वेळी येईल त्याचा नेम नाही. लांबनंच तो हॉर्न देत यायचा आणि तो ऐकला की पोरगी असो नाहीतर म्हातारी, हातातलं टाकून घागरी घेऊन पळायची. तव्यावर भाकरी असली तर ती जळायची, पण पाणी गेलं असं व्हायचं नाही. एकदा चुकला की दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंड कोरडं. मी न्हाणीत असले, शौचाला गेले असले तरी कान तिकडंच. एवढ्याशा घरात मला त्या हॉर्ननं बांधून ठेवलेलं होतं, जनावराला दावं असतं तसं.

अशात त्या नाताळात द्वारका मावशी आली. आईची धाकटी बहीण. उमरग्याला हैदराबादच्या मोठ्या रस्त्याला लागून एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता, तिथं ती नर्स. डॉक्टरीणबाई ख्रिस्ती, त्यामुळं नाताळात चार दिवस दवाखाना बंद असायचा आणि मावशी आक्काला बघायला यायची. मावशीला नवऱ्यानं टाकलेलं होतं आणि ती हे असं सांगायची की जणू तिनंच त्याला टाकलं. पांढरी साडी, हातात घड्याळ, बोलणं ठणठणीत. ती आली की घरातली हवा हलायची. त्या खेपेला तिच्या पिशवीत मैदा होता, पिठीसाखर होती, एक पत्र्याचा डबा होता आणि दुधाच्या बाटलीत लोणी होतं, जे एस.टी.त हिंदकळून हिंदकळून पातळ झालेलं. पत्र्याच्या डब्यात तांबूस-काळी भुकटी. मी बोटानं चाटली तर कडूजहर.

"कोको हाय त्यो," मावशी म्हणाली. "ह्याचीच चॉकलेटं व्हत्यात. आमच्या बाई नाताळाला ह्याची बिस्किटं करतेत. मी शिकलेय. आता तू शिक."

मग तिनं मला पडवीत नेलं आणि हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. बाईंना दवाखान्यात एक पोरगी हवी होती. हाताखाली ठेवायची, राहायला मावशीजवळ, सकाळी तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावी करायची आणि मग नर्सिंगला घालायची. अशा तीन पोरी बाईंनी पार लावलेल्या. पण बाई मोठ्या कडक. कुणाच्या शब्दावर पोरगी घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, मला हात बघायचा आहे. माप नीट घेते का, स्वच्छ करते का, हातातलं काम अर्ध्यावर सोडून जाते का. मावशीनं पैज मारल्यासारखं सांगून टाकलं होतं, माझी भाची चुलीवर तुमच्या ओव्हनासारखी बिस्किटं करून दाखवंल. आता डबाभर बिस्किटं घेऊनच तिला परत जायचं होतं. आणि जाताना, जमलं तर, मला घेऊन. मला आनंद नव्हे, भीतीच वाटली.

ओव्हन कुठला. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं पातेलं घेतलं, त्यात खाली वाळू. वाळूला आमच्याकडं तोटा नव्हता, अख्खी नदी वाळूच होती. वाळूवर लोखंडी कडं, कड्यावर ताटली, ताटलीत बिस्किटं, वर परात पालथी, आणि परातीवर निखारे. खाली चूल मंद. मैदा कमी पडला तर मी त्यात ज्वारीचं पीठ वस्त्रगाळ करून मिसळलं. मावशीनं तोंड वाकडं केलं, पण चालवून घेतलं. थापून ताटलीत मांडली तेव्हा आप्पा डोकावून म्हणाले, "ह्या गवऱ्या कशाला थापल्यात एवढ्या लहान?" सिद्धार्थ सुट्टीला घरी आलेला होता. घरी म्हणजे जेवणापुरता. बाकी सगळा वेळ शाळेच्या मैदानात क्रिकेट. तो माझ्याकडं बोट करून म्हणाला, गवरीच असणार, ह्या इमलीनं केलीय.

आता ह्यातली गोम अशी की साधी नानकटाई तांबूस झाली की कळते. हे आधीच काळं. कच्चं काळं, भाजलं तरी काळं, करपलं तरी काळंच. बघून काही म्हणता काही कळत नाही. मावशीला उमरग्यात घड्याळावर करायची सवय. आमच्या चुलीला घड्याळ लागू पडेना. पहिली ताटली करपली. वाड्यातल्या पोरांनी तीही कुरूम कुरूम खाल्ली आणि अजून मागितली, पण बाईंना ती दाखवण्यासारखी नव्हती. दुसरी ताटली लावली आणि मी आणि मावशी परातीकडं टक लावून बसलो. तर आतल्या खोलीतनं आईचा आवाज आला, "काढा आता." मावशी म्हणाली, आक्का, तू ते बघितलंस तरी का? आई म्हणाली, "बघायचं काय त्यात? कडू वास हुता, त्यो आता गोडावर आलाय. ह्याच्याफुडं गेला की करपंल. काढा म्हणते ना." काढली. अशी झाली होती की बोटानं दाबली तर किंचित दबायची आणि खाल्ली की जिभेवर विरघळायची. आईला एक नेऊन दिलं. तिनं अर्धं खाल्लं, अर्धं उशाला ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पडवी आणि ती फळी ह्यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, आणि मावशीचा हळू आवाज म्हणजे इतरांचा बोलण्याचा आवाज.

डबा भरायला अजून एक ताटली हवी होती. उरलेलं पीठ नेमकं तेवढंच. मावशी म्हणाली, उद्या ही तू एकटी कर, मी हात लावणार न्हाय. बाईंना मी खोटं सांगत नसते. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाली आणि खालच्या वस्तीवर कुणाची तरी बाई बाळंतपणात अडली म्हणून मावशीला बोलावणं आलं. आप्पा भूमला गेलेले, सिद्धार्थ मैदानात. मी पीठ मळलं, माप चारदा बघितलं, हात तीनतीनदा धुतले, म्हणजे एकाच वाटीतल्या पाण्यात बुडवले. ताटली आत ठेवली, परात ठेवली, निखारे मांडले. वासावर नाक लावून बसले. अजून कोकोचा कडू वासही पुरता सुटला नव्हता आणि टँकरचा हॉर्न वाजला.

मी उठले नाही. पहिल्यांदाच. पुन्हा वाजला, वेशीवरनं आमच्याकडं वळल्याचा. वाड्यातल्या बायका घागरी वाजवत पळाल्या. घरात पाणी म्हटलं तर तळाला होतं तेवढंच. त्यात आईचं औषध, तिचं पुसणं, रात्रीचा स्वयंपाक. निखारे उचलून ठेवावेत तर कच्चं पीठ बसणार, पुन्हा फुलणार नाही. ठेवून जावं तर करपणार. पातेल्याकडं बघत मी तिथंच बसून होते आणि रडू येत होतं, आणि रडायलासुद्धा वेळ नव्हता. आतनं आईनं हाक मारली, "इमल, पाणी आलं गं." एवढंच. मी दोन घागरी उचलल्या आणि पळाले. पळताना मनात म्हटलं, संपलं. उमरगा करपला. आता जन्मभर ह्या टँकरमागं पळायचं.

रांग नेहमीसारखीच, आणि नेहमीसारखीच भांडणं. माझा नंबर लागेपर्यंत पातेल्यात कोळसा झाला असणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळं मी घाईसुद्धा केली नाही. डोक्यावर एक, कमरेवर एक अशी घरी आले. दारातच थबकले. करपल्याचा वास नव्हता. गोडावर आलेला, आई म्हणाली होती तो नेमका वास साऱ्या घरात भरलेला होता. परात बाजूला उभी केलेली, निखारे चुलीत ढकललेले, ताटली खाली काढून वर फडकं. बिस्किटं एकसारखी, चांगली, दबतील इतपत मऊ. मला वाटलं मावशी आली. हाक मारली, कुणी नाही. आत गेले. आई फळीवर, डोळे मिटलेले. मी विचारलं, "कुणी काढलं?" ती म्हणाली, शेजारची आली असंल कुणीतरी. शेजारच्या सगळ्या माझ्यापुढं रांगेत होत्या. मी खाली बघितलं. पातेल्यातनं सांडलेली वाळू चुलीपासनं फळीपर्यंत पसरली होती, आणि आईच्या पायांच्या दोन्ही तळव्यांना राख लागलेली होती.

मी तिचा पाय हातात धरला. तिनं तो ओढून घेतला नाही.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं," आई म्हणाली. "तू पाण्याला गेलीस की उठायची. भिंतीला धरून धरून. आदी पडवीपत्तोर, मग चुलीपत्तोर. आता न धरता चालते."

मला इतका राग आला की कानात घुंई झाली. मी पहाटे उठून भाकरी थापत होते, तिची अंघोळ, तिचं सगळं करत होते, आणि ही माझ्या पाठीमागं चालत होती. माझं वर्ष गेलं होतं, ते भरून कोण देणार? मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? ती जे बोलली, ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यातला एक शब्दही माझ्याकडनं कधी हलला नाही.

"उठले की घागर आली गं डोक्यावर. मला त्या घागरीचं भ्या वाटतंय. सपनात बी वाळू ढासळती. आन् तू गेलीस की ह्या घरात उभी मी एकटीच. काल तुझी मावशी बोलली ते समदं ऐकलं म्या. आज तू पळालीस तवा म्हणलं, करपू दे. करपलं की पोरगी हितंच ऱ्हाती. गप पडून ऱ्हायले. पण वास गोडावर आला आन् पाय आपोआप खाली गेले. करपू द्यायचं हुतं म्या. न्हाय जमलं."

मी उठून बाहेर आले. बिस्किटं एकेक करून डब्यात लावली, मध्ये कागद घातला. आता हे लिहिताना बोटं जरा आखडतात, तेवढी मात्र गुडघ्याच्या तेलानं मोकळी होत नाहीत.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मी आईशी बोलेना, आई माझ्याशी बोलेना. मावशीनं डबा उघडून बघितला, एक मोडून वास घेतला आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं झुकले. तिला वाटलं मी दमलेय. खरं तर मी फक्त तोंड उघडायचं होतं. आई उठलीय, एवढे दोन शब्द. आप्पांच्या 'मग बघू'चं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते बोलले असते तर दुपारपर्यंत साऱ्या वाड्यात झालं असतं, गुरुजींची बायको सोंग करून पडलीय, पोरीला राबवतीय. मग तिनं तोंड कुठं दाखवायचं? त्या घराला कडी नव्हती म्हणते ना मी, दार सताड उघडं होतं. पण उंबऱ्यावर आई आडवी पडलेली होती, आणि तिला ओलांडून जाणं मला काही जमत नव्हतं. सुटायची किल्ली सापडल्यावर मला जितकं कोंडल्यासारखं झालं, तितकं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मावशी निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. तिची पिशवी भरून झाली, बिस्किटांचा डबा फडक्यात बांधून झाला. आप्पा पडवीत पेपर वाचत बसलेले. मावशीनं विषय काढला. सगळं नीट सांगितलं, बाईंचं, कॉलेजचं, राहायचं. आप्पांनी पेपरची घडी घातली. ऐकलं मात्र मन लावून. माणूस वाईट नव्हता. शेवटी मान हलवली आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाले, "चांगलंच आहे की. पण ही उठू दे, मग बघू." मावशी माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघितलं. पत्रा तेवढा टकटक वाजत होता.

आतनं फळी करकरली. मग पावलं ऐकू आली, सावकाश, पण घसटत नव्हती. आई दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर नीट घेतलेला. कुणाचाच आधार नाही, चौकटीचासुद्धा नाही. आप्पांच्या हातातला पेपर घसरून खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही.

"उठले की मी," आई म्हणाली. "आता बघा."

आप्पा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. कधी, कसं, असं काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, कधी न् कसं ते मी मागनं सांगीन, गाडी चुकंल. मग आप्पांनी डब्याचं विचारलं, सिद्धार्थच्या डब्याचं काय. त्या प्रसंगी दुसरं काही आठवू नये त्या माणसाला. आई म्हणाली, "त्याला म्हणावं भाकरी थापाय शीक. भाकरीला इंग्रजी लागत न्हाय." मावशी खो खो हसली. मी हसले नाही. आईनं माझ्या दोन परकर-पोलक्यांचं आणि एका साडीचं गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. म्हणजे ते तिनं आधीच बांधून ठेवलेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला. तिच्या हाताला कोकोचा वास नव्हता, राखेचा होता. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, राहू दे, पाय बघितलेस की तू माझे.

थांब्यावर गाडी आली. शेखमामांनी सवयीनं दारातनं हात पुढं केला आणि फडक्यात बांधलेला डबा धरला. मी म्हटलं, मामा, आज डबा माझ्याजवळच राहू द्या. त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी डबा सोडला आणि मला वर यायला जागा दिली. मावशीनं खिडकी मला दिली. गाडी गावाला वळसा घालून जायची, आमच्या वाड्याच्या मागनं. बाईंनी पुढं ती बिस्किटं खाल्ली आणि ज्वारीचा वास येतोय म्हणाल्या, पण अजून एक घेतलं. ते सगळं नंतरचं. त्या वेळी मी फक्त डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते, आणि तो इतका हलका लागत होता की मला वाटलं काहीतरी घरी विसरलं.

गाडी वाड्याच्या मागं आली आणि टँकरचा हॉर्न वाजला. मी उठले. डबा मांडीवरनं निसटला, मावशीनं वरच्या वर झेलला. मी बाकाला धरून उभी, दोन्ही हात घागरीसाठी मोकळे. खिडकीतनं आमचं दार दिसत होतं. आप्पा पडवीत उभे होते, आणि दारातनं आई बाहेर आली. तिच्या कमरेवर लहान घागर होती. एक पाऊल टाकून ती थांबली, दुसरं टाकलं, मग बाकीच्या बायकांच्या मागं चालायला लागली. तिनं गाडीकडं बघितलं नाही.

मावशीनं माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बस," ती म्हणाली. "त्यो हॉर्न आता तुझा न्हाय."

मी बसले. घागर नजरेआड होईपर्यंत मी काचेला कपाळ लावून होते, आणि गाडी डांबरीला लागली तरी माझे पाय जमिनीवर पळायच्या तयारीतच होते.